‘नाव सांग’ असं ओरडणं ही प्रार्थना नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला प्रार्थनेच्या नावाखाली भूत काढणाऱ्यांवरचा लेख मी दोनदा वाचला. लेखकाचा राग मला कळतो, निम्माअधिक पटतोही. पण कॅथलिक घरांत सैतानापासून रक्षण व्हावं म्हणून म्हणतात त्या प्रार्थना आणि माणसाचं डोकं धरून केलेला आरडाओरडा त्यांनी एकाच टोपलीत टाकला आहे. मी वसईची, जन्माने कॅथलिक. चौतीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. दोन्ही प्रकार मी जवळून पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

आमच्या वाडीतून घरी येताना बावखल, म्हणजे तळं, लागायचं आणि त्याच्या काठाला जुनी चिंच. तिन्हीसांजेला तिथून धूम पळायचं, हे आम्हा पोरांचं ठरलेलं. आजी ओटीवर कंदिलाची काच पुसत बसलेली असे. धापा टाकत आलं की काही न विचारता ती कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायची, आणि झोपताना पुन्हा एकदा उशीवर. दारामागच्या खुंटीला ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी असायची. खाली फळीवर पवित्र पाण्याची बाटली, खोकल्याच्या औषधाची, लेबलासकट. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की झावळीचं एक पातं चुलीत जायचं. चिंचेवर कोणी होतं की नाही, देव जाणे. मला झोप मात्र लागायची. या सगळ्यात कधी कोणाच्या अंगाला हात लागला नाही की कोणाच्या हातावर पैसा पडला नाही.

माझा पहिला ख्रिस्तप्रसाद 1964 चा. त्या काळी साधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की सगळे गुडघ्यांवर बसून महादूत संत मायकलची प्रार्थना म्हणत. पोप तेरावे लिओ यांनी ती 1886 मध्ये मिस्सेनंतरच्या प्रार्थनांत घातली, आणि 1965 मध्ये त्या सगळ्याच प्रार्थना मिस्सेनंतर म्हणणं बंद झालं. घरी म्हणायला कोणी मनाई केली नव्हती. 1994 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती विसरू नका असं सांगितलं, आणि 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबरभर रोजरीच्या जपमाळेनंतर म्हणायला सांगितली. (पोप लिओंना म्हणे मिस्सेनंतर सैतानाचं दर्शन झालं, ही कथा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. दर वेळी तारीख वेगळी.)

त्या प्रार्थनेतलं एक वाक्य लेखकाने वाचायला हवं होतं. लढाईत आमचं रक्षण कर, सैतानाच्या कपटापासून आसरा दे, असं मायकलला म्हणून झाल्यावर पुढे येतं: देव त्याला धमकावो, ही आमची नम्र विनवणी. म्हणजे प्रार्थना म्हणणारा सैतानाशी एक शब्द बोलत नाही. धमकावायचं ते देवाने, आपण फक्त विनवायचं. बायबलमध्ये यहूदाच्या पत्रात तर खुद्द मायकलसुद्धा सैतानाशी वाद घालताना स्वतःच्या जोरावर काही बोलत नाही, ‘प्रभू तुला धमकावो’ एवढंच म्हणतो. महादूताची ही तऱ्हा, मग तुमच्याआमच्यासारख्यांनी सैतानावर डोळे वटारावेत?

नोकरीत माझ्या पहिल्या इस्पितळात सिस्टर लोकांचं, म्हणजे धर्मभगिनींचं, छोटं प्रार्थनागृह होतं. रात्रपाळीला जाताना त्यांची झोपण्यापूर्वीची प्रार्थना कानावर पडे. मंगळवारी त्यात बायबलमधल्या पेत्राच्या पत्रातला उतारा असतो: सावध राहा, तुमचा शत्रू सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावं ते शोधत फिरतो. मग दिवा मालवून त्या झोपायला जात आणि मी वॉर्डात. सिंहाचं नाव घेऊनही कोणाचा आवाज चढलेला मी ऐकला नाही.

आता दुसरा प्रकार. सहा वर्षांपूर्वी आमच्या आळीतली एक सून बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात झोपेनाशी झाली. हे बाळ माझं नाही, कोणीतरी बदललंय, म्हणू लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. घरच्यांनी मात्र कोणाच्या तरी ओळखीने एका माणसाला बोलावलं. धर्मगुरू नव्हे, सिस्टर नव्हे, कुठल्या चर्चने पाठवलेलाही नव्हे. मी पोहोचले तेव्हा दोन तास होऊन गेले होते. तिचे केस मुठीत धरून तो ‘नाव सांग, तुझं नाव सांग’ ओरडत होता. तिच्या गाऊनचा पुढचा भाग दुधाने भिजून चिकटला होता आणि बाळ आतल्या खोलीत रडून रडून थकलं होतं. गोळ्या बंद करा, गोळी म्हणजे अविश्वास, हेही त्यानेच सांगितलेलं. पैशांचं पाकीट आधीच घेतलं होतं.

हे चर्चच्या शिकवणीत बसतं असं लेखकाला वाटत असेल, तर ते साफ चूक आहे. चर्चच्या 1614 च्या रोमन विधिपुस्तकात भूत काढण्याच्या प्रकरणातला सुरुवातीचाच एक नियम सांगतो की, एखाद्याला भूतबाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नका, आजारी माणूस आणि झपाटलेला यांत गल्लत करू नका. चर्चच्या 1983 च्या कायद्याप्रमाणे, म्हणजे धर्मविधानाप्रमाणे, हा विधी फक्त धर्मगुरूने, तोही आपल्या बिशपांच्या स्पष्ट परवानगीनेच करायचा. आणि 1985 मध्ये व्हॅटिकनने बिशपांना पत्र पाठवून बजावलं की, अशी परवानगी नसलेल्यांनी सभांमध्ये सैतानाला उद्देशून बोलू नये, त्याचं नाव काढून घ्यायचा प्रयत्न करू नये. तो माणूस दोन तास नेमकं तेच करत होता.

आपल्या राज्याचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही वेगळं काय सांगतो? भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा. ज्यातून शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही अशी घरातली, देवळातली, दर्ग्यातली, चर्चमधली प्रार्थना मात्र त्यात येत नाही. लेखकाने कायद्याचा पूर्वार्ध दिला, हा भाग गाळला.

थोडा राग आमच्या धर्मगुरूंवरही आहे, तो इथेच काढते. धर्मशिक्षणाच्या वर्गात या प्रार्थना आता शिकवत नाहीत, निदान माझ्या नातवाला तरी कोणी शिकवली नाही. मायकल कोण, विचारलं तर त्याने नाचून दाखवलं. मुलांना घरातलं ठाऊक नसेल तर अडल्या वेळी लोक मोबाइलवर ‘शक्तिशाली प्रार्थना, नऊ जणांना पाठवा’ शोधतात, आणि त्याच्यापुढे तो पाकीटवाला.

त्या सुनेला आम्ही त्याच रात्री मनोविकार विभागात नेलं. अडीच महिन्यांनी ती सावरली. पुढे तिने माझ्याकडून संत मायकलची प्रार्थना मागून घेतली. तिच्या गोळ्यांच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी ती लिहून दिली, म्हणजे दोन्ही एकदमच हाताशी येतील.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, वसई
(आळीत ओळख पटेल, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)