खुलाशात पेशंटची संख्याही विचारा

महोदय,

मी १९ वर्षं मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्या ताणाचा विषय निघाला की ध्यानधारणेचं एखादं सत्र ठेवतात, तेही ड्यूटी संपल्यावर. ते वाईट नाही, पण ताण वॉर्डात तयार होतो आणि वॉर्ड तसाच राहतो.

मागे एका रात्रपाळीला आम्ही दोघी आणि ३२ पेशंट होते. दुसरी सिस्टर एका अत्यवस्थ पेशंटजवळ अडकली होती. सकाळी सहाला मी इन्सुलिन द्यायला घेतलं. अकरा नंबरच्या बेडपाशी पोचते तोच सलाईन संपल्याची हाक आली. पाठोपाठ फोन, मग दारात एक घाबरलेला नातेवाईक. ट्रॉलीपाशी परतले तेव्हा ट्रेमध्ये वापरलेल्या सिरिंजा पडलेल्या आणि चार्टवर माझी सही नाही. अकरा नंबरला इन्सुलिन दिलं की नाही, मला आठवेना. पेशंटही झोपेत, त्यांना सांगता येईना. डॉक्टरांना कळवलं, डोस थांबवला, तासातासाला शुगर तपासली. ते सुखरूप राहिले. दोनदा गेलं असतं तर, या विचाराने माझे हात मात्र दुपारपर्यंत थरथरत होते.

सिडनीतल्या रुग्णालयांच्या २०१० सालच्या अभ्यासात औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययामागे चुका १२ ते १३ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या २००२ सालच्या अभ्यासात तर नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्स कामावर नाराज असण्याची शक्यता १५ टक्क्यांनी वाढत होती. पेशंटचा धोका आणि आमची नाराजी, दोन्हींचं मूळ एकच आहे, हे आम्हाला रोज दिसतं.

कष्टाने या कामाचा वीट येत नाही. काम अर्धवट सोडून पुढच्या बेडकडे पळावं लागतं, त्याने येतो. पूर्वी डिस्चार्जच्या दिवशी मी पेशंटला इन्सुलिन कसं टोचायचं ते त्यांच्याच हाताने करून घ्यायची. आता कागद हातात देते. ‘अकरा नंबर’ म्हणाले ना वर? त्या गृहस्थांचं नाव मला ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे वॉर्ड सोपवतानाही आठवलं नव्हतं, केस पेपर उघडावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’चं वर्णन करताना थकव्याबरोबरच कामापासून मन तुटणं आणि कामगिरी खालावणं हीही लक्षणं सांगितली आहेत. ते मी स्वतःत पाहिलं आणि मला त्याची फार लाज वाटली.

औषध देण्याच्या वेळेत त्या सिस्टरला फोन आणि चौकशीसाठी कुणी बोलावू नये, त्यासाठी दुसरं माणूस असावं. रात्रपाळी करून आलेल्याला डबल ड्यूटी लावू नये. आणि एक गोष्ट तर लगेच करता येईल. त्या सकाळची चूक मी स्वतःहून लिहून दिली, तेव्हा माझ्याकडे खुलासा मागितला गेला. फॉर्ममध्ये माझं नाव, वेळ, औषध, डोस सगळ्याला रकाना होता. त्या रात्री वॉर्डात किती पेशंट आणि किती नर्स होत्या, याला नव्हता. तो रकाना घाला.

– एक परिचारिका