धावफलक कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९८३ सालापासून मी क्रिकेटचे धावफलक कापून वहीत चिकटवतो. सध्या सातवी वही चालू आहे. आशिया चषकाचा दुबईतला भारत-पाकिस्तान अंतिम सामना २८ सप्टेंबर २०२५ला, रविवारी, मध्यरात्रीच्या सुमारास संपला. सोमवारी आमच्या लवकर छापल्या जाणाऱ्या डाक आवृत्तीत धावफलक नसणार हे गृहीतच होते. मंगळवारी कात्री घेऊन बसलो. पहिल्या पानावर आपल्या संघाने करंडक कोणाच्या हातून घेतला नाही ते, क्रीडा पानावर पुन्हा तेच, अग्रलेखही त्यावरच. धावफलक नाहीच.

करंडकाची बातमी मोठी होती, यात वाद नाही. ज्यांच्या हातून तो नाकारला ते आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष मोहसिन नक्वी हेच पाकिस्तानचे गृहमंत्री आणि तिथल्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख. म्हणजे राजकारण व्यासपीठावरच उभे होते. पण पाकिस्तान १ बाद ११३ वरून सर्व बाद १४६ झाला, कुलदीपने एकाच षटकात तिघांना बाद केले, ३ बाद २० अशी आपली गत असताना तिलक वर्मा नाबाद ६९ करून गेला, याला सगळे मिळून दोन परिच्छेद? शिवम दुबे तर आपल्या मुंबईचा. त्याच्या ३३ धावांचा हिशेब मला शेजारच्या पोराच्या मोबाइलवरून घ्यावा लागला.

गैरसमज नको. हे सामने खेळूच नयेत, असेच माझे मत होते. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात जीव गेलेल्या २६ जणांत डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची माणसे होती. याच स्पर्धेतल्या १४ सप्टेंबरच्या पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी आपला अग्रलेखही ‘खेळताच कशाला?’ असे विचारत होता. सामना जिंकला आणि त्याच दैनिकात ‘धूळ चारली’, ‘नाक ठेचले’ सुरू झाले. खेळायचे नव्हते की धूळ चारायची होती? क्रीडा मंत्रालयाने ऑगस्टमध्येच धोरण जाहीर केले होते: पाकिस्तानशी द्विपक्षीय मालिका नाही, बहुदेशीय स्पर्धेत मात्र खेळायचे. आमच्या पारावर रोज जो वाद चालला होता, त्याचे मूळ इथे होते. त्यावर सरकारला चार प्रश्न विचारता आले असते. ते धोरण आपल्याकडे एका कोपऱ्यातल्या चौकटीत उरकले.

दंडाचेही तसेच. आपला कर्णधार सूर्यकुमार आणि पाकिस्तानचा गोलंदाज हारिस रौफ, दोघांनाही मानधनाच्या ३० टक्के दंड झाला. एकाच्या बातमीत ‘माज उतरवला’, दुसऱ्याच्या बातमीत ‘देशासाठी सोसले’. बातमीदाराचे मत हवे असेल तेव्हा मी अग्रलेखाचे पान उघडीन की!

माझ्या तिसऱ्या वहीत आपल्याच दैनिकाचे १९९९चे एक कात्रण आहे, पाकिस्तानविरुद्धच्या चेन्नई कसोटीचे. त्याच महिन्यात शिवसैनिकांनी पाकिस्तानशी खेळण्याला विरोध म्हणून दिल्लीत कोटला मैदानाची खेळपट्टी उखडली होती. चेन्नईत सचिनने पाठदुखी सोसत १३६ केल्या, तरी आपण १२ धावांनी हरलो, आणि चेपॉकचे प्रेक्षक पाकिस्तानी संघासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका बातमीत हे सगळे आले आहे, खाली पूर्ण धावफलक. लिहिणारा खेळपट्टी उखडणाऱ्यांच्या बाजूचा की टाळ्या वाजवणाऱ्यांच्या, ते मला अजून कळलेले नाही.

अंतिम सामन्याचा धावफलक उशिरा का होईना छापावा, आणि जरा मोठ्या टाइपात. वहीतले पान कोरे ठेवले आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, चिपळूण