पेटी पोचली, रेडिओ पोचला नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दुरुस्तीला दिलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओची मूळ चॅसी (सगळे भाग बसवलेला आतला सांगाडा) काढून घेतल्याबाबत

महोदय,

जानेवारीत मी आमच्या घरचा फिलिप्सचा व्हॉल्व्ह रेडिओ तुमच्याकडे दुरुस्तीला पाठवला आणि १८,५०० रुपये आगाऊ भरले. १४ मार्चला तो शहापूरला घरी आला. पेटीचं पॉलिश झकास झालंय, स्पीकरपुढचं कापडही शोभेसं लावलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की त्या पेटीत माझा रेडिओ नाही.

हे आधी आईच्या लक्षात आलं. मी बटण फिरवलं, तोच आवाज आला. आई म्हणाली, "लगेच कसा काय बोलला रे हा?" तिचं वय ८२, पण कान शाबूत आहेत. व्हॉल्व्हच्या सेटला आधी तापावं लागतं. आतली तार लाल झाल्याशिवाय, कॅथोड गरम झाल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत. पंधरा-वीस सेकंद काहीच नाही, मग बारीक गुणगुण, मग गल्लीच्या टोकावरून कुणी बोलत यावं तसा आवाज जवळ येतो. तेवढ्या वेळात आप्पा चष्मा पुसून घ्यायचे. तुमचा सेट बटणासरशी ओरडला.

मी मागचा पुठ्ठा काढला. पाची व्हॉल्व्ह रांगेत उभे होते, झगझगीत नारिंगी उजेडात. एवढा उजेड कधी नव्हता. ईएल-८४ ची, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हची, तार वरून डोकावून पाहिली तर अंधारात विडीच्या टोकासारखी दिसते, तीही अर्धवट. तासभर सेट चालू ठेवून मी त्या व्हॉल्व्हला बोट लावलं. खरा चालू असता तर बोट भाजलं असतं. काच थंडगार. उपसून पाहिलं तर सॉकेटच्या भोकात बसवलेला एलईडी निघाला. खाली कसलीच वायर नाही. शेजारी तळहाताएवढा ब्लूटूथचा बोर्ड स्क्रूने ठोकलेला. स्पीकरच्या पट्टीवर जिथे आउटपुट ट्रान्स्फॉर्मर होता तिथे दोन रिकामी भोकं. मेलेल्या माणसाला जरीचा फेटा बांधून दारात बसवावं, तसला हा प्रकार आहे.

मी काय सांगितलं होतं ते तुमच्याच फॉर्मवर माझ्या अक्षरात आहे : कागदी कंडेन्सर बदलावेत, फिल्टरचा कंडेन्सर बदलावा, बाकी कशाला हात लावू नये. हे मी हौसेने लिहिलं नव्हतं. ईएल-८४ च्या ग्रिडला, म्हणजे आतला करंट आवरणाऱ्या जाळीला, जोडलेला कंडेन्सर म्हातारा झाला की गळतो, मागच्या व्हॉल्व्हचा व्होल्टेज ग्रिडवर उतरतो, व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जळतो. म्हणजे थोडक्या पैशांच्या वस्तूपायी न मिळणारी वस्तू जाते. तो ट्रान्स्फॉर्मर जपण्यासाठीच तर सेट पाठवला होता. व्हॉल्व्हला पुढे सुमारे पाच हजार ओहम लागतात आणि स्पीकर असतो तीन-चार ओहमचा. या दोघांची सोयरीक जमवणारा तो ट्रान्स्फॉर्मरच. तुम्ही नेमका तोच काढलात.

फोनवर तुमच्याकडची मुलगी म्हणाली, "सर, तुम्हाला फ्री अपग्रेड दिलंय, आता ५० वॅट आहे." तिला दोष देत नाही, तिच्यापुढे जे लिहून ठेवलंय ते तिने वाचलं. आमचा सेट जेमतेम चार वॅटचा होता. आप्पांचे चार हातमाग एका खोलीत चालायचे, खटक्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा, आणि फळीवरचा हा रेडिओ त्यातून स्वच्छ ऐकू यायचा. मोठा हलका स्पीकर आणि लाकडाची पेटी, एवढ्याला चार वॅट पुरतात. धारवाड केंद्र १९५० चं, आमच्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. सांगली १९६३ मध्ये आलं. एका काट्यावर कानडी, जरा पुढे सरकलं की मराठी. मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं लागलं की आप्पा धोटा हातात धरून थांबायचे, आणि सूतवाला ओरडला तरी हलायचे नाहीत. आता धारवाडच्या ७६५ वर काटा नेला काय न् नेला काय, तो नुसता काचेमागे फिरतो. मिडियम वेव्हच उरलेला नाही.

व्हॉल्व्हमध्ये जादू असते असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. यंत्रावर मोजलं तर तुमच्या बोर्डात दोष कमी निघतील, हे कबूल आहे. जुन्या सेटमध्ये मूळ सुरासोबत वरच्या सप्तकातला तोच सूर थोडा मिसळतो. मोजमापात तो दोष ठरतो, पण कानाला खुपत नाही. आवाज वाढवला तर तो एकदम फाटत नाही, हळूहळू दाटत जातो. मला तो दोष हवा होता, आणि त्याचेच पैसे मी भरले होते.

आणखी एक. माझ्या सेटमधल्या ईएल-८४ वर बीईएलचा शिक्का होता, बेंगळूरचा माल. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह करायला घेतले. १९७४ मध्ये मूळचा व्हॉल्व्ह निकामी झाला तेव्हा खडे बाजारातल्या मिस्त्रीने तो घातला होता आणि आप्पांनी खोक्यावर तारीख लिहून ठेवली होती. ते खोकं माझ्याकडे आहे, व्हॉल्व्ह नाही. तुम्ही शोभेला उभा केलेला दुसराच आहे, त्यावरचं नाव पुसलंय. नवे ईएल-८४ आजही स्लोव्हाकियात, रशियात बनतात, विकतही मिळतील. मला विकतचा नको.

तुमचा बोर्ड मी काढून ठेवलाय, तो घेऊन जा. पॉलिशचे योग्य ते पैसे कापून बाकीची रक्कम परत करा. आणि मूळ चॅसी, सगळे व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जशा अवस्थेत असतील तशा १५ दिवसांत पाठवा. भंगारात घातलं असेल तर तसं लेखी कळवा. नाहीतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फीही नाही. मला बेळगावच्या बाहेर यावं लागणार नाही, तुम्हाला मात्र इथे यावं लागेल.

पाठवताना व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये ठेवू नका. एकेक काढून वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वेगळ्या खोक्यात घाला. ट्रान्स्फॉर्मरच्या वायरी आता आणखी आखूड करू नका, आधीच बोटभर उरल्या असतील.

आपला ग्राहक,
शहापूर, बेळगाव