पाकीट साहेबांकडे नेऊ नका : टपाल शाखेचं मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या हिवाळी अधिवेशनात आपण शब्द दिला होता, की नागपुरात आपल्या खात्याच्या प्रत्येक टपाल शाखेला संशयास्पद टपाल हाताळण्याचं प्रशिक्षण मिळेल, साहित्य मिळेल. मिळालं एक परिपत्रक. त्यात लिहिलंय, 'संशयास्पद टपाल तात्काळ वरिष्ठांच्या निदर्शनास आणावे.' मागच्या आठवड्यात पांढरी पूड सांडणारं पाकीट आलं, आणि हुकमाप्रमाणे ते तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलं, जिन्यानं, हातातून. पूड निरुपद्रवी निघाली. टपाल उशिरा वाटलं म्हणून कारणे दाखवा नोटीस मात्र निघाली.

पूड दिसली की पाकीट आहे तिथंच अलगद ठेवायचं. हुंगायचं नाही, झटकायचं नाही, सांडलेलं झाडूनं गोळा करायचं नाही. वर प्लास्टिकची पिशवी किंवा कचऱ्याची टोपली उपडी घालायची. पंखा आणि कूलर लगेच बंद, आणि तेही शेजारच्यानं, कारण पाकीट धरणाऱ्याच्या बोटांना पूड लागलेली असते. नागपुरात खरा वैरी हा कूलरच. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत त्याचा झोत थेट नोंदवहीवर येतो; चिमूटभर पूड अख्ख्या शाखेत जायला किती वेळ लागेल? आमच्याकडे त्याचं बटण कपाटामागं आहे. ते दाराजवळ घ्या, एवढी मागणीही फाईलीत पडून आहे.

मग सगळे बाहेर, दार बंद. तोंडाला हात न लावता साबण-पाण्यानं हात धुवायचे. सॅनिटायझर इथं कुचकामी; पुडीत अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि ते अल्कोहोलला दाद देत नाहीत. कपड्यांवर पूड असेल तर ते काढून पिशवीत बांधायचे आणि साबणानं अंघोळ करायची. खोलीत कोण कोण होतं त्याची यादी करून ११२ ला फोन.

पार्सलचा प्रकार वेगळा. एका बाजूला जड, तेलकट डाग, डोकावणारी वायर, वजनाच्या मानानं भरमसाट तिकिटं, पत्ता एका गावचा अन् शिक्का दुसऱ्या गावचा. अशाला हात लावायचा नाही, झाकायचं नाही, जवळ मोबाईल वापरायचा नाही. खोली रिकामी करायची, काचांपासून लांब जायचं आणि तिथून पोलिसांना कळवायचं. आपल्या परिपत्रकात पूड असो की पार्सल, दोन्हींवर एकच उतारा : वाळूची बादली! आग विझवण्याच्या सूचनांतून उचललेला दिसतो. २०१८ मध्ये ओडिशातल्या पटनागढला लग्नाचा आहेर म्हणून आलेलं पार्सल उघडताना फुटलं. नवरदेव आणि घरातली वृद्ध बाई गेली. ते रायपूरहून कुरिअरनं निघालं होतं. रायपूर काही लांब नाही, साहेब.

आणि खुणा पाठ करून भागत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, वेडंवाकडं अक्षर, टेपच टेप. गडचिरोली-भंडाऱ्याहून येणारी निम्मी निवेदनं अशीच असतात. म्हणून दोन-तीन खुणा एकत्र तोलायच्या आणि नाव-पत्ता असेल तर फोन करून खात्री करायची. हे हाताखालून टपाल गेल्याशिवाय जमत नाही. प्रशिक्षण मागतो ते यासाठी, चहा-समोशासाठी नाही.

२००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पत्रं आली, बावीस जण आजारी पडले, पाच दगावले. त्यातले दोघे वॉशिंग्टनचे टपाल कर्मचारी. त्यांनी पत्र फोडलंही नव्हतं. वर्गीकरण यंत्रात दाबलं गेलेलं बंद पाकीटच गळलं. सिनेटच्या कार्यालयात पत्र उघडताच तिथल्यांना औषधं सुरू झाली, टपाल केंद्र मात्र आणखी सहा दिवस चालूच होतं. म्हणजे साहेब आधी, बाबू नंतर, हा कायदा तिथंही आहे म्हणायचा! इथं अधिवेशन आलं की विधानभवनाभोवती श्वानपथकं फिरतात, रस्ते रंगतात, खर्चाचे कोटींचे आकडे कानावर येतात. नायट्राइल हातमोज्यांचा शंभराचा डबा चार-पाचशेला मिळतो. त्याला 'तरतूद नाही'. वर आमची निम्मी पदं रिकामी, आणि पाकिटं फोडतो तो कंत्राटी शिपाई, ज्याचं नाव हजेरीपटावर नाही. उद्या औषध द्यायची यादी हजेरीपटावरून झाली, तर तो त्यात नसेल.

तेव्हा हातमोजे द्या, जाड पिशव्या द्या, खिडकी आणि कडी असलेली वेगळी खोली द्या, बॉम्बशोधक पथकाकडून वर्षातून एक सराव घ्या. कंत्राटी पोरांची नावं यादीत घाला. हे जमत नसेल, तर निदान 'वरिष्ठांच्या निदर्शनास' हे वाक्य तरी या महिन्यात खोडा.

आपले,
आवक-जावक शाखेतील कर्मचारी,
सिव्हिल लाईन्स, नागपूर