हौशे, नवशे आणि आमचा उमेदवार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात आमच्या मतदारसंघाची बातमी वाचली. विद्यमान आमदारांना अर्धं पान, त्यांच्या मुख्य विरोधकाला पाव पान आणि तळाला 'हौशे, नवशे, गवशेही रिंगणात' म्हणून दोन ओळी. त्या दोन ओळींत पहिल्यांदाच उभा राहिलेला एक अपक्ष आहे. त्याच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे, म्हणून हे पत्र.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला 10 लागतात आणि तेही त्याच मतदारसंघातले. आमदारांच्या विरोधात सही द्यायला 10 माणसं मिळवून पाहा एकदा. कोणाच्या पोराच्या बदलीचं काम अडलेलं, कोणाचं ठिबकचं अनुदान. "मत देतो भाऊ, सही नको," म्हणत दोघं चहा पिऊन निघून गेले. शेवटच्या दिवशी एका सूचकाचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघालं. 3 वाजता अर्ज घेणं बंद होणार होतं. मी एसटी वर्कशॉपमधला निवृत्त मेकॅनिक. उमेदवाराबरोबर आलेल्या एका पोराच्या मोटारसायकलचा प्लग कचेरीबाहेर साफ करत बसलो होतो. "आप्पा, तुमचा यादी भाग क्रमांक कोणता?" एवढंच उमेदवारानं विचारलं. काळ्या हातानंच सही केली. कागदावर डाग पडला तो माझा.

तेव्हापासून पारावर मला एकच प्रश्न : "आप्पा, कितला लिन्हात?" (किती घेतले?) आणि त्याच्याबद्दल : "याले उभा कोनी करा?" लोकांचं सोडा, तुमच्या वार्ताहरानंही फोन करून हेच विचारलं, कोणाची मतं खाणार? मतं काय आमदारांच्या सातबाऱ्यावर चढलेली आहेत?

हा गडी काही वर्षांपासून केळी उत्पादकांचे विम्याचे अर्ज भरून देतो. पारा मोजतात महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर आणि केळी करपते आपल्या शिवारात. या फरकापायी ज्यांचा दावा गेला त्यांच्या घरी तो कागद घेऊन बसलेला मी पाहिलाय. त्याला सगळं येतं असं नाही. आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली त्याचं काय करणार, विचारलं तर "पाहू" म्हणाला. मी तिथंच झापला त्याला. पाहू म्हणणारे आमदार आम्हाला आहेत की!

पण हा प्रश्न निदान त्याला तरी विचारता आला. आमदारांना वर्षाला 5 कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. पाच वर्षांत आमच्या गावाला त्यातून काय मिळालं, हे तुमच्या अर्ध्या पानात कुठं नव्हतं. फोटो मात्र दोन होते, दोन्हीत फेटा.

नवखा पडतोच, असंही खानदेशात कोणी छातीठोक सांगू नये. नंदुरबारमध्ये माणिकराव गावित 9 वेळा खासदार झाले आणि 2014 ला पहिल्यांदा लढणाऱ्या हिना गावितांनी त्यांना हरवलं. 2024 ला हिनाताईंनाही पहिल्यांदाच लढणाऱ्या गोवाल पाडवींनी हरवलं. अर्थात, ती माणसं मोठ्या पक्षांची होती, आणि हिनाताई-गोवालभाऊ दोघंही आमदारकी असलेल्या घरांतले. आमच्या गड्याच्या मागं पक्ष नाही, घराणं नाही. मतदान यंत्रावरही अपक्षांची नावं पक्षवाल्यांच्या खालीच येतात. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर 10 हजारांचं डिपॉझिट जाईल. त्यातले काही त्याच्या बायकोनं भिशीतून उचललेत, हे मला ठाऊक आहे.

मागणी एवढीच, मुक्कामी गाडी आणि केळी विमा हे दोन प्रश्न आमदारांना, विरोधकाला आणि याला, तिघांनाही विचारा आणि उत्तरं शेजारी शेजारी छापा. 'पाहू' म्हणाले तर तेही छापा.

जाता जाता, बातमीत त्याच्या सूचकांची संख्या 9 छापली आहे. 9 असते तर अर्ज छाननीतच बाद झाला असता. कृपया दुरुस्ती द्यावी.

आपला,
दहावा सूचक
(तापीकाठ, जि. जळगाव)