बाबा, सत्काराला नाही म्हणू नका

बर्कली, कॅलिफोर्निया
१२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई सांगत होती, जुन्या विद्यार्थ्यांनी दिवाळीत कॉलेजच्या हॉलमध्ये तुमचा सत्कार ठरवलाय आणि तुम्ही नको म्हणालात. “पोरांनी केलं ते पोरांचं, त्यात माझं काय?” फोनवर हा विषय काढला की तुम्ही “जेवलीस का” म्हणून तो बदलता. म्हणून पत्र लिहितेय.

मंगळवारी पहाटे तीनच्या सुमारास इथं फोन वाजायला लागले. भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना मिळालं होतं. क्लार्क आमच्या विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक, वय ८३. ज्या कामासाठी बक्षीस मिळालं ते इथंच, १९८४-८५ मध्ये झालेलं. त्या वेळी मार्टिनिस त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते आणि देवोरे फ्रान्सहून पोस्टडॉक म्हणून आले होते. म्हणजे गुरू, त्यांचा विद्यार्थी आणि तेव्हाचा एक तरुण पाहुणा संशोधक, तिघांच्या नावावर एकच बक्षीस, तेही ४० वर्षांनी!

तुम्ही फळ्यावर पोटेन्शियल बॅरियर, म्हणजे ऊर्जेची भिंत, काढून म्हणायचात, चेंडू भिंतीवर आपटून परत येतो, पण इलेक्ट्रॉन कधी कधी भिंतीपलीकडे सापडतो. या तिघांनी दाखवलं, की हे एकट्यादुकट्या कणापुरतं नाही. साधारण सेंटिमीटरभर आकाराच्या चिपवर त्यांनी अतिवाहकांचं, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देणाऱ्या पदार्थांचं, सर्किट बनवलं. मध्ये वीज न वाहणारा अगदी पातळ थर. त्या सर्किटमधले असंख्य इलेक्ट्रॉन एकजुटीनं, जणू एकच कण असावा तसे, बॅरियर ओलांडून गेले. आजचे कितीतरी क्वांटम कॉम्प्युटर याच सर्किटांच्या वाटेनं बनताहेत. मार्टिनिस यांचा प्रबंध याच कामाचा होता. बातमी आल्यावर पत्रकारांशी बोलताना क्लार्क यांनी या दोघांचा वाटा किती मोठा होता ते सांगितलं. मला तुम्हीच आठवलात. फरक एवढाच, की ते ‘त्यात माझं काय’ म्हणाले नाहीत. तिघांचं म्हणून त्यांनी ते आनंदानं घेतलं.

दुसऱ्याच दिवशी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. त्यातही बर्कलीचे ओमर यागी होते, जपानचे कितागावा आणि ऑस्ट्रेलियाचे रॉबसन यांच्यासोबत. यागी तेव्हा फ्रँकफर्टच्या विमानतळावर विमान बदलत होते. त्यांच्याबद्दल आईला नक्की वाचून दाखवा. पॅलेस्टिनी निर्वासितांचं कुटुंब, अम्मानमध्ये जन्म, एका खोलीत माणसं आणि गुरं, वीज नाही, घरात नळ नाही. पंधराव्या वर्षी अमेरिकेत आले, किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरल्या, फरशा पुसल्या आणि आधी साध्या कम्युनिटी कॉलेजात शिकले. पुढे त्यांनी धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून पोकळ्याच पोकळ्या असलेले पदार्थ बनवले. त्यातल्या एकाच्या दोनेक ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो. असाच एक पदार्थ रात्री वाळवंटाच्या हवेतली वाफ धरून ठेवतो आणि उन्हात तापला की तिचं पाणी हाती येतं.

हे वाचताना मी मनानं लातूरच्या स्टेशनवर होते. एप्रिल २०१६, माझी बारावी नुकतीच संपली होती आणि मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली होती, १० टाक्या, ५ लाख लिटर. यंदा त्याच मराठवाड्यात पुरानं शेतातली माती वाहून नेली, ते दुःख वेगळं. पण तहान ज्यानं पाहिली तोच हवेत पाणी शोधायला निघतो, असं मला मनापासून वाटतं.

इथं नोबेल मिळालेल्या प्राध्यापकांना विद्यापीठ गाडी लावायला राखीव जागा देतं. निळ्या पाटीवर ‘एनएल’ (नोबेल लॉरिएट, म्हणजे नोबेलविजेता) अशी अक्षरं, बस्स. बर्कलीत पार्किंग मिळवणं किती अवघड ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. शाल-श्रीफळापेक्षा वेगळं, पण त्यातली माया तीच. आणि मी रोज ज्या व्हीलर हॉलवरून जाते, तिथं इथलेच भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांना नोबेल देण्यात आलं होतं. युद्धामुळे त्यांना स्वीडनला जाता आलं नाही, म्हणून २९ फेब्रुवारी १९४० ला सोहळा इथंच झाला, जिथं काम केलं, शिकवलं, त्याच आवारात.

तुमच्या विद्यार्थ्यांनीही मंगल कार्यालय न घेता कॉलेजचा हॉल निवडला, यामागचा भाव ओळखा ना, बाबा. त्यांना तुमची स्तुती करायची नाहीये. त्यांना मोठं झाल्यावर एकदा तुमच्यासमोर उभं राहायचंय. एवढ्या वर्षांत लातुरात गुणवंतांचे किती फ्लेक्स लागले, त्यांच्यावर मुलांचे फोटो होते, पहाटे साडेपाचला लॅबचं कुलूप उघडणारा माणूस कुठंच नव्हता.

तुम्ही हो म्हणालात की तारीख लगेच कळवा. मी इथून व्हिडिओ कॉलवर येईन, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. आईला म्हणावं, तो निळा कोट धुवायला टाक. आणि फराळाच्या पार्सलमध्ये यंदा शेवेपेक्षा चकल्या जास्त घालायला सांगा.

तुमची लाडकी,
छोटी