आधी तो फोटो डिलीट कर, मग फोन कर

सोनू,

काल रात्री फॅमिली ग्रुपवर तू जो फोटो टाकलास तो मी झूम करून बघितला. हॉस्टेलच्या गेटजवळ उभा असलेला माणूस, खांद्याला मळकी झोळी, एका पायात चप्पल आणि दुसरी हातात, बहुतेक चपलेचा अंगठा तुटला असेल. आणि खाली लिहिलेलं, "हा मुलं पळवणाऱ्या टोळीतला आहे, दिसला की सोडू नका, खरं खोटं माहीत नाही पण काळजी घ्या." पाच मिनिटांत मावशीने हात जोडले, काकाने तीन ग्रुपवर पुढे ढकलला पण. मला झोपच लागली नाही रे. फोनवर बोललो तर तू चिडशील म्हणून लिहितोय, पूर्ण वाच.

२०१८ चा जून आठवतो का तुला? सहावीत होतास, नवी सायकल घेतलेली आणि मी तुला गेटच्या बाहेर सोडत नव्हतो, तू ओट्याजवळ सायकल उभी करून नुसती घंटी वाजवत बसायचास, डोळे रडून लाल. कारण माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला होता, गल्लीत पोरं क्रिकेट खेळतायत, बाईकवर दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार. मी तो तीनदा बघितला आणि कॉलनीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, साडूंचा ग्रुप, सगळीकडे पाठवला. वर काय टाईप केलं माहितेय? हेच, खरं खोटं माहीत नाही पण काळजी घ्या.

तो व्हिडिओ कराचीचा निघाला. मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली फिल्म होती ती, शेवटी तेच दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारी पाटी दाखवतात. तेवढाच तुकडा कुणीतरी कापलेला.

आणि मग १ जुलै, रविवार, राईनपाड्याचा आठवडे बाजार. आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, गावोगाव भिक्षा मागून जगणारी माणसं, एका लहान मुलीशी बोलले म्हणे, तेवढ्यावरून लोक जमले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं त्यांना. पाचही गेले. त्या मारहाणीचा व्हिडिओसुद्धा माझ्याच फोनवर आला, त्याच ग्रुपवर, आणि वर स्क्रोल केलं तर माझा मेसेज तिथेच होता. आईला मी हे आजवर सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

माझा मेसेज तिथपर्यंत पोचला की नाही हे मला कधीच कळणार नाही. पण मी पाठवला होता.

आपल्याला वाटतं आपण काय, फक्त पुढे पाठवलं. मामाने पाठवलंय म्हणजे खरंच असणार, पण मामाला मित्राने, मित्राला त्याच्या बॉसने, आणि त्याच्या मागे कोण ते कुणालाच ठाऊक नसतं. सकाळी डोळे चोळत, अजून चूळपण भरलेली नसते, तेव्हा अंगठा आपोआप फॉरवर्डवर जातो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने "फॉरवर्डेड" असं लिहून दाखवायला सुरुवात केली, भारतात एका वेळी ५ चॅटची मर्यादा आणली. तुझ्या फोटोवर तर दोन बाण आहेत, बघितलेस का? म्हणजे तो कितीतरी हातांतून फिरून आलाय. लोकांना वाटतं एवढ्यांनी पाठवलंय म्हणजे पक्कं असणार. अरे, त्याचा अर्थ एवढाच की एवढ्यांपैकी कुणी विचारलं नाही.

तुला खरंच भीती वाटली असेल तर वॉचमनला सांग, ११२ ला फोन कर, तो माणूस कोण आहे हे पोलीस विचारतील. "दिसला की सोडू नका" हे कुणाला सांगतोयस तू, सोन्या? तो उद्या चप्पल शिवायला चौकात बसला असेल तर?

डिलीट फॉर एव्हरीवन अजून होतंय, साधारण दोन दिवस होतं. आधी आपला ग्रुप, मग तुमच्या हॉस्टेलचा, आणि नुसतं डिलीट नको, खाली लिही की मी खात्री न करता टाकलं होतं. काकाशी मी बोलतो, त्याने टाकलेल्या तिन्ही ग्रुपवर त्याला सांगायला लावतो. झालं की मला फोन कर, मेसेज नको. कितीही वाजू देत, जागा आहे.

बाबा